माहीमचा कॉजवे आणि आमचा रपटा: रस्ता नेमका कोणासाठी?

ज्यांना इयरफोन लावून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार.

मी गोंदियाचा. आमच्यापासून समुद्र खूप लांब. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्र काढा, तेव्हा सकाळी मुंबई. तरी आज विषय समुद्रातल्या रस्त्याचा आहे. कारण कॉजवे म्हटलं की मला आधी आमचा रपटा आठवतो. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. खाली सिमेंटचे पाइप, वर स्लॅब, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. पाऊस जास्त झाला की पाणी सरळ वरून जातं. आठवीत असताना मी सायकल धरून तिथे तासन्‌तास थांबलोय. पलीकडे शाळा दिसायची, पण जाता यायचं नाही. गुडघाभर वाहतं पाणीसुद्धा माणसाला ओढून नेतं, हे घरच्यांनी डोक्यात पक्कं बसवलेलं.

आता चला मुंबईत, 1840 च्या दशकात. माहीम हे बेटाचं टोक. समोर वांद्रे, म्हणजे साष्टी. मध्ये खाडी. पलीकडे जायचं तर होडी, आणि पावसाळ्यात होडी म्हणजे जिवाशी खेळ. लोक रस्ता मागत होते, पण कंपनी सरकार पैसे काढायला तयार नव्हतं. शेवटी पैसे दिले अवाबाई जमशेदजी जीजीभॉय यांनी. नवऱ्याला 1842 मध्ये सर हा किताब मिळाला, म्हणून त्या लेडी जमशेदजी. रक्कम होती दीड लाख रुपयांच्या वर, त्या काळातले बरं का! 1845 मध्ये कॉजवे खुला झाला. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे धावायला अजून आठ वर्षं होती. माहीमचा एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेदजी रोड, तो यांच्याच नावाचा.

या गोष्टीतला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग म्हणजे त्यांची अट. या रस्त्यावर सरकारने टोल घ्यायचा नाही! मोटार तेव्हा जगातच नव्हती. रस्ता वापरणार कोण? पायी चालणारे, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, बैलगाड्या आणि थोडेफार बग्गीवाले. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर यूझर कोण, हे आधी ठरलं आणि डिझाइन नंतर झालं.

पण एक यूझर राहून गेला. पाणी.

कॉजवे म्हणजे मुळात भराव. खाडीत दगड-माती टाकून रस्ता उचलायचा आणि पाण्याला मोजकी वाट ठेवायची. माहीमच्या खाडीतून मिठी नदी समुद्राला मिळते. पुढच्या दीडशे वर्षांत तिच्या काठावर भराव पडत गेले, वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, विमानतळाजवळ तिचा प्रवाह वळवला गेला. मग 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस, त्यात भरती. पाण्याला बाहेर पडायला जागाच नव्हती. खापर एकट्या कॉजवेवर फोडणं चुकीचं ठरेल, पण मुंबईने पाण्याची वाट इंच-इंच करून अडवली होती, हे खरं.

चार वर्षांनी, 30 जून 2009 ला, त्याच खाडीच्या तोंडावर वांद्रे-वरळी सागरी सेतूचं उद्घाटन झालं. 5.6 किलोमीटर, आठ लेन, खांबांवर उभा. म्हणजे खालून पाणी जातं. मस्त! पण वर कोण जातं? चालणाऱ्याला बंदी, सायकलला बंदी, बाईकला आणि रिक्षालाही बंदी. आणि टोल आहेच. 2024 च्या जानेवारीत सुरू झालेल्या 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूवरही बाईक आणि रिक्षा चालत नाहीत.

गंमत बघा. जुन्या रस्त्याने माणसांना वाट दिली आणि पाण्याची अडवली. नव्याने पाण्याला दिली आणि माणसांची अडवली.

दोन्ही जमत नाही का? नेदरलँड्समध्ये अफस्लाउटडाइक नावाचा 32 किलोमीटरचा समुद्रबांध आहे, 1932 मध्ये पूर्ण झालेला. हवामान बदलामुळे आता त्याची डागडुजी चाललीय. मोठ्या वादळात लाटा वरून गेल्या तरी बांध फुटू नये, अशी मजबुती. पाणी सोडायला जादा दरवाजे आणि पंप. माशांना ये-जा करता यावी म्हणून वेगळी वाट. आणि हो, मोटाररस्त्याशेजारी सायकलचा मार्गही डिझाइनमध्ये आहेच.

एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आमच्या जिल्ह्यात नवेगाव बांध आहे. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. इकडच्या जुन्या तलावांच्या पाळीवरून आजही लोक चालतात, सायकली जातात, गुरं जातात. पण प्रत्येक पाळीला सांडवा असतोच. जास्तीचं पाणी कुठून जाणार, हे ठरवल्याशिवाय कोहळी माणूस पाळ घालत नसे. हेच तर क्लायमेट रेझिलियन्स, फक्त त्याला हे नाव नव्हतं.

म्हणून उद्या माहीमचा कॉजवे नव्याने बांधा किंवा आमचा रपटा पाडून उंच पूल करा, चार मोजण्या करा. गाड्या किती, सायकली किती, पायी माणसं किती, आणि येत्या 50 वर्षांत पाणी किती. सायकलची वाट रंगाची पट्टी मारून होत नाही, मध्ये कठडा लागतो. मोऱ्या जुन्या पावसाच्या हिशेबाने चालत नाहीत. आणि खाडीकाठची खारफुटी तोडून नंतर भिंत बांधणं म्हणजे पैसे देऊन नुकसान विकत घेणं.

कारण उंच पूल झाला, पण त्यावर फूटपाथच नसला, तर आठवीतली पोरगी पावसात ट्रकच्या शेजारून सायकल हाणणार. पुराची भीती गेली, ट्रकची आली. तिचा प्रश्न सुटला का?

तुमच्या गावच्या पुलावर चालायला जागा आहे का? जाऊन बघा, फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. तोवर पावसात रपटा ओलांडू नका. थांबा!