मी फॉरवर्ड केलेली क्लिप

मंडळी, २००३ सालची गोष्ट. नोकरीत नवा होतो. जेवणानंतर एका सहकाऱ्याने मेलवर क्लिप पाठवली. एक गुबगुबीत पोरगा ‘स्टार वॉर्स’मधल्या योद्ध्यासारखी काठी गरागरा फिरवतोय. आम्ही पोट धरून हसलो. मी ती आणखी चौघांना फॉरवर्ड केली आणि विसरून गेलो.

त्या पोराचं नाव गिस्लेन राझा. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला. नोव्हेंबर २००२ मध्ये शाळेच्या स्टुडिओत त्याने गोल्फचे चेंडू उचलायची काठी घेऊन गंमत म्हणून स्वतःचं शूटिंग केलं. टेप तिथेच राहिली. एप्रिल २००३ मध्ये शाळेतल्याच मुलांनी ती नेटवर टाकली. यूट्यूब यायला अजून २ वर्षं होती, तरी मेल आणि फाइल शेअरिंगवरून ती जगभर पोचली. एकदा कॉपी झालेली फाइल परत बोलावता येत नाही, हे आपल्या धंद्यातल्यांना कशाला सांगायचं!

शाळेत चिडवणं सुरू झालं. नेटवर अनोळखी माणसं त्याला ‘मर’ म्हणू लागली. शेवटी शाळा सुटली, अभ्यास खासगी शिकवणीवर आला. आईवडिलांनी त्या मुलांच्या घरच्यांवर दावा लावला. तो २००६ मध्ये तडजोडीने मिटला.

पुढे गिस्लेनने मॅकगिल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. दहा वर्षं गप्प राहिलेला हा माणूस २०१३ मध्ये स्वतःहून बोलला, कारण तेव्हा ऑनलाइन छळाने मुलं जीव देत असल्याच्या बातम्या येत होत्या. त्याचं सांगणं साधं होतं: दुर्लक्ष करायचा कितीही प्रयत्न केला तरी आपण कवडीमोल आहोत असंच वाटायचं. पण यातून बाहेर येता येतं, आणि तुम्ही एकटे नाही.

आपण मात्र पोरांना पहिला सल्ला काय देतो? ‘दुर्लक्ष कर.’ नाहीतर फोनच काढून घेतो, म्हणजे पोरगं पुढच्या वेळी सांगायचंच बंद! त्याऐवजी आधी ऐकून घ्यावं. ‘तुझी चूक नाही’ हे स्पष्ट म्हणावं. स्क्रीनशॉट ठेवावेत, मग ब्लॉक आणि रिपोर्ट. शाळेत आपण स्वतः जावं. झोप, जेवण, मित्र तुटताहेत असं दिसलं तर समुपदेशकाकडे न्यावं. टेली-मानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८ हे नंबर घरात सगळ्यांना ठाऊक असावेत.

माझा तो फॉरवर्ड काही परत घेता येत नाही. पुढचा मात्र थांबवता येतो.

असो. पटतंय का बघा.