चार आणि सातच्या मधले

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला गुण देण्याची एक पद्धत आहे. दुखणं एकाएकी सुरू झालं? २ गुण. पूर्वी पक्षाघात होऊन गेला? २. प्रकृती पायरीपायरीने खालावली? १. रक्तदाबाचा त्रास? १. अशा १३ बाबी, एकूण गुण १८. बेरीज ७ किंवा अधिक झाली तर दोष रक्तवाहिन्यांचा. ४ किंवा कमी, तर अल्झायमर. व्लादिमीर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडलेलं हे कोष्टक पुढे जगभर वापरलं गेलं.

अशी वाटणी करायची वेळ का आली, ते समजायला मागे जायला हवं. १८९४ साली येना इथल्या ओटो बिन्सवांगर यांनी मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाच्या झिजेचा संबंध कठीण झालेल्या धमन्यांशी जोडला. त्याच दशकात आलोइस अल्झायमरही धमनीकाठिण्याने आक्रसलेल्या मेंदूंवरच काम करत होते. १९०६ साली त्यांनी आपल्या रुग्ण आउगुस्टे डेटर यांचा मेंदू मृत्यूनंतर तपासला आणि चेतापेशींमधले गुंते व पेशींबाहेरचे साके यांचं वर्णन केलं. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झाल्याची नोंदही त्याच अहवालात आहे. ती फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

इस्पितळात आल्या तेव्हा डेटरबाई अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या. त्यामुळे १९१० साली मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात 'अल्झायमरचा आजार' असं नाव दिलं, तेव्हा तो वेळेआधी गाठणारा दुर्मीळ आजार ठरला. सत्तरी-ऐंशीतल्या माणसांचं विसरणं मात्र पुढची निदान पन्नास वर्षं 'धमन्या कठीण झाल्या' या एकाच खात्यात जमा होत राहिलं. रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं दिली जात, गुण यथातथाच. १९६०च्या दशकात न्यूकॅसलमध्ये ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तर त्यांतल्या बहुतेकांत अल्झायमरचेच गुंते आणि साके. १९७४ साली हाचिन्स्की, लासेन आणि मार्शल यांनी उरलेला हिशेब मांडला: धमन्या अरुंद झाल्या म्हणून मेंदू हळूहळू उपाशी मरत नाही, रक्तपुरवठा तुटून जागोजागी मेलेले तुकडे साठत जातात, तेव्हा बुद्धी ढासळते.

धमन्यांवरचा सरसकट आळ दूर करायला ही वाटणी गरजेचीच होती. पण ज्याची बेरीज ५ किंवा ६ येते, त्याचं काय? कोष्टकाच्या मधोमध सापडणाऱ्या या माणसांकडे बराच काळ अडचण म्हणून पाहिलं गेलं. माझ्या मते खरी गोष्ट त्यांच्यापाशीच होती: दोन्ही दोष अनेकदा एकत्र नांदतात.

१९८४ साली सॅन दिएगोत जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी बीटा-अमायलॉइड हे प्रथिन वेगळं केलं. पुढची चार दशकं अल्झायमरचं बहुतेक संशोधन ज्याच्याभोवती फिरलं ते हेच प्रथिन, आणि ते मिळवलं होतं मेंदूच्या आवरणांतल्या रक्तवाहिन्यांमधून. म्हणजे हे प्रथिन धमन्यांच्या भिंतींतही साचतं, त्यांना ठिसूळ करतं. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या नव्या औषधांनी काही रुग्णांच्या मेंदूत सूज येते, बारीक रक्तस्राव होतात. म्हणून औषध सुरू असताना वेळोवेळी एमआरआय करावा लागतो.

१९९७ साली अमेरिकेतल्या जोगिणींवरच्या अभ्यासातून डेव्हिड स्नोडन यांनी आणखी एक धागा पुढे आणला. ६१ जणींच्या मेंदूत अल्झायमरच्या पुरेशा खुणा होत्या. रक्तपुरवठा तुटल्याची खूण ज्यांच्यात नव्हती, त्यांतल्या ५७ टक्क्यांनाच हयातीत स्मृतिभ्रंश झाला होता. मेंदूच्या खोल भागात एक-दोन बारीक इजा असलेल्यांत हेच प्रमाण ९३ टक्के होतं. आजार तोच, पण रक्तवाहिन्या धड असतील तर माणूस तो बराच काळ पेलतो.

मग रक्तदाब आवरला तर? 'स्प्रिंट' या अमेरिकी चाचणीत ९,००० हून अधिक लोक होते. वरचा रक्तदाब १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न झाला, त्या गटात स्मृतिभ्रंशाआधीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी दिसली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशही कमी होता, पण खात्रीने सांगण्याइतका नाही. हृदयाला झालेला फायदा इतका ठळक होता, की उपचार २०१५ सालीच ठरल्यापेक्षा आधी थांबवले गेले. मेंदूचा निकाल लागायला तेवढी वर्षं पुरली नाहीत.