बॅण्डची परंपरा

ज्युबिलीच्या मिरवणुकीत तरुणांचा ब्रास बॅण्ड घुमला, की आम्हां बेलपाडेकरांचे हृदय उचंबळते. परंतु ही विद्या आली कोठून? गोव्यात १६व्या शतकापासून देवळालगतच्या पॅरिश-शाळांतून ‘मेस्त’ म्हणविले जाणारे शिक्षक मुलांस धर्मशिक्षणासोबत संगीतही शिकवीत. प्रथम स्वर वाचून गाणे, मगच हाती वाद्य, असा क्रम असे. अशाच शाळेतून हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) मुंबईस येऊन ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजले, सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) त्यांचा ताफा झळकला. पोटासाठी वादक परगावी जात. मेस्त मागे राहून नवी मुले घडवीत. वाद्ये विकत मिळतात, शिकविणारा मात्र घडवावा लागतो. तरी प्रत्येक वादकाने एका धाकट्यास तरी शिकवावे, हीच आमची विनंती.