सुटका झाली... पुढे काय?

मंडळी, ठाणे जिल्ह्याच्या पानावर एक बातमी अधूनमधून असतेच. 'कुंटणखान्यावर छापा, चार मुलींची सुटका, दलाल महिलेला अटक.' कळव्याला लोकलमध्ये चढलं की ठाणं येईस्तोवर ती वाचून होते आणि आपण पान उलटतो. आपल्या दृष्टीने गोष्ट संपली. पण त्या मुलीला त्या रात्री कुठे नेलं? तिच्याशी पहिलं कोण बोललं? आणि जो बोलला, त्याला कसं बोलायचं हे कुणी शिकवलं होतं का?

या शेवटच्या प्रश्नाला आपल्याकडे चांगला मोठा इतिहास आहे. आज तोच थोडक्यात सांगतो.

सुरुवात फेब्रुवारी १९९६ पासून करू. अल्पवयीन मुलींच्या खरेदी-विक्रीच्या बातम्या वाचून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांनी कामाठीपुऱ्यात एकदम मोठे छापे घातले. चारशेहून जास्त मुली बाहेर काढल्या. त्यांतल्या दोनशेहून अधिक नेपाळच्या होत्या. आकडा बघितला तर प्रचंड यश!

पण एवढ्या मुलींना ठेवायचं कुठे, हे आधी कुणी ठरवलंच नव्हतं. त्यांना सरकारी वसतिगृहांत वाटून टाकलं. जागा अपुरी, भाषा समजणारं माणूस नाही, कसली तपासणी चालली आहे ते न सांगताच एचआयव्हीसाठी रक्त घेतलं गेलं. काही मुली तिथेच दगावल्या. मुलींकडे कागदपत्रं नाहीत, तेव्हा नेपाळ सरकारही त्यांना परत घ्यायला राजी होईना. शेवटी जुलैमध्ये तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन सव्वाशेच्या आसपास मुलींना घरी नेलं. म्हणजे सुटका झाल्यावरही पाच महिने कुलपातच!

आमच्या धंद्यात याला म्हणतात, रिलीज केलं पण सपोर्टचा प्लॅनच नाही. फरक एवढाच की इथे क्रॅश होणारी माणसं होती.

आता पोलिसांना झोडपणं सोपं आहे. पण जरा त्यांच्या बाजूने बघा. पोलिसाचं शिक्षण गुन्हा सिद्ध करण्याचं. पंचनामा, जबाब, आरोपपत्र. समोर जी मुलगी उभी असते ती सिनेमातल्यासारखी धावत येऊन रडत नाही. ती म्हणते, माझं वय एकवीस, मी स्वतःच्या मर्जीने आले, मला परत जाऊ द्या. हे तिच्याकडून घोकून घेतलेलं असतं. पोलीस तुलाच आत टाकतील, गावी कळलं तर आईबाप तोंड बघणार नाहीत, अंगावरचं कर्ज फिटलेलं नाही, असं तिला रोज ऐकवलेलं असतं. शिवाय पोलिसांबद्दल तिने आजवर जे पाहिलं ते फार चांगलं नसतं. न शिकलेल्या अधिकाऱ्याला ती खोटारडी वाटते. शिकलेल्याला कळतं की हीच भीती म्हणजे गुन्ह्याची खूण.

गंमत म्हणजे कायद्याने हे थोडंफार ओळखलं होतं. आपण ज्याला 'पिटा' म्हणतो तो अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६ चा. त्यात खास पोलीस अधिकारी नेमायचा आणि त्याला सल्ला द्यायला समाजकार्य करणाऱ्यांचं मंडळ जोडायचं, अशी तरतूद आहे. १९८६ च्या दुरुस्तीने छाप्यात किमान दोन महिला पोलीस हव्यात असं सांगितलं. मुलीची विचारपूस महिला अधिकाऱ्यानेच करायची, ती नसेल तर समाजसेवी संस्थेच्या महिलेसमोर करायची, हेही आलं. कागदावर सगळं होतं. प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षं याच कायद्यातलं आठवं कलम जास्त वापरलं गेलं. ते गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईवर लागतं. विकणारा मोकळा, विकली गेलेली कोर्टात.

पोलीस आणि समाजसेवक एकत्र बसू शकतात हेही मुंबईने तोवर करून दाखवलं होतं. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे प्रशिक्षित समाजसेविका बसायच्या. तो घरगुती हिंसाचारासाठी होता, पण कल्पना महत्त्वाची. तक्रार घेऊन आलेल्या बाईला दोन्ही खिडक्या एकाच छताखाली. हे कक्ष पुढे राज्यभर पसरले.

मग आलं २००२. सांताक्रूझच्या एका छाप्यातल्या मुलींबाबत 'प्रेरणा' ही संस्था उच्च न्यायालयात गेली. १९८६ पासून कामाठीपुऱ्यात काम करणारी, तिथल्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर चालवणारी ही संस्था. कोर्टाने ठणकावून सांगितलं की अठरा वर्षांखालची मुलगी ही आरोपी नाही, तिला बालकल्याण समितीसमोर न्या. आईबाप आले तरी ते ताबा द्यायला योग्य आहेत का हे तपासल्याशिवाय सोडू नका. आणि दलालाचा वकील त्याच खटल्यात मुलीचा वकील म्हणून उभा राहू शकत नाही! हे सांगावं लागलं, यातच आधी काय चालायचं ते आलं.

नियम झाले, आता ते वापरणारी माणसं तयार करायची होती. २००६ मध्ये केंद्रीय गृहखातं आणि संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय यांनी पाच राज्यांत प्रशिक्षण सुरू केलं. महाराष्ट्र आणि गोवा त्यात होते. पी. एम. नायर हे आयपीएस अधिकारी त्याचे सूत्रधार. पोलीस, सरकारी वकील आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांना एकत्र आणणं, हा त्यातला कळीचा भाग. धडे ऐकायला साधे वाटतात. छाप्यानंतर मुली आणि आरोपी एका गाडीत बसवू नका. नाव-चेहरा बाहेर जाऊ देऊ नका. पहिल्याच तासात पूर्ण जबाबाचा हट्ट धरू नका. आधी पाणी, कपडे, डॉक्टर, झोप. तिचं सामान आणि पैसे कुंटणखान्यातच राहू देऊ नका. कार्यकर्त्यांनाही शिकायचं होतंच. पुरावा कसा जपायचा, मुलीच्या तोंडी आपले शब्द कसे घालायचे नाहीत, पूर्ण करता येणार नाही असं वचन का द्यायचं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २००५ मध्ये सांगलीच्या गोकुळनगरात छापा पडला, तेव्हा तिथल्या संघटित बायकांनी त्याला कडाडून विरोध केला. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध 'वाचवणं' हीसुद्धा जबरदस्तीच, असं त्यांचं म्हणणं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पोलिसांना याबाबत संवेदनशील करा असं बजावलं. म्हणजे प्रशिक्षणाचा अर्धा भाग हा की कोण पीडित आहे आणि कोण नाही, हे ऐकून घेऊन ठरवायचं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. १९९६ च्या त्या नेपाळी मुलींमध्ये चारीमाया तामांग होती. सोळाव्या वर्षी विकली गेली, बावीस महिने कुंटणखान्यात काढले. परत गेल्यावर गावाने नाकारलं. पण तिने आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध स्वतः पोलिसांत तक्रार केली आणि १९९७ मध्ये कोर्टाने आठ जणांना दोषी ठरवलं. तिने आणि तिच्यासारख्याच मुलींनी उभी केलेली 'शक्ती समूह' ही संस्था २०१३ च्या रेमन मॅगसेसे पुरस्काराची मानकरी ठरली. मुंबईच्या वसतिगृहांत जिच्याशी कुणाला नीट बोलता आलं नाही, तीच सगळ्यात भक्कम साक्षीदार निघाली! तशा त्या चारशेपैकी आणखी किती जणी असतील? त्यांना कुणी विचारलंच नाही.

कळवा, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर हे सगळं ज्या ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं, तिथे आज अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक विभाग आहे. आयपीसीच्या ३७० ऐवजी जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ लागतं. पण पोलिसांच्या बदल्या होतात, कार्यकर्ते नोकरी सोडतात, आणि शिकलेलं माणूस गेलं की शिकवणी पुन्हा पहिल्यापासून. हे एकदा करून संपणारं काम नाहीच.

तेव्हा पुढच्या वेळी 'सुटका' हा मथळा दिसला की पान उलटण्याआधी एवढंच विचारा, तिच्यासोबत त्या रात्री कोण होतं? आणि स्टेशनवर एखादं मूल भांबावलेलं दिसलं तर १०९८ लावा. तो नंबरही मुंबईतच, १९९६ सालीच सुरू झाला.