गुडघ्यांना विश्रांती की हालचाल?

‘गुडघे धरले’ हा आपल्या भाषेतला प्रयोग मोठा बोलका आहे. कुणी हात धरून माणसाला जागच्या जागी बसवावं, तसं हे दुखणं. ते सुरू झालं की घरातले सगळे एकच सल्ला देतात : ‘आता बसून राहा, फार हिंडूफिरू नका.’ सल्ला प्रेमाचा असतो. पण त्याचं मूळ बरंच जुनं आहे, आणि आजचं वैद्यकशास्त्र नेमकं उलट सांगतं.

आपल्याकडे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त व्यायामाचे गुण सांगितले, तशी त्याला वेसणही घातली. बलवान माणसानेसुद्धा थंडीत आणि वसंतात निम्म्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असं तो म्हणतो. वातपित्ताचे रोगी, बालकं, वृद्ध आणि अजीर्ण झालेले यांनी तर तो टाळावाच. सांधेदुखी वाताच्या खात्यातली. त्यामुळे म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या माणसाला व्यायामाची दारं दोन्ही बाजूंनी बंद झाली. व्यायाम म्हणजे दंड, बैठका आणि कुस्ती असंच डोळ्यांपुढे येत असेल, तर ही सावधगिरी गैर म्हणता येणार नाही.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. १७४३ मध्ये विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यातल्या कूर्चेवर निबंध मांडला. हाडांच्या टोकांवरचं हे गुळगुळीत अस्तर एकदा नष्ट झालं की पुन्हा भरून येत नाही, हे त्याने नोंदवलं. पुढे एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, असा आग्रह धरला. त्यांचंही चूक नव्हतं. क्षयाने सांधे सडण्याचा तो काळ, आणि त्यावर औषध नव्हतं. पण क्षयाच्या सांध्यासाठीचा हा उपाय वयाने झिजलेल्या गुडघ्यालाही चिकटून राहिला, असं मला वाटतं.

त्याची किंमत मी माझ्या घरात पाहिली आहे. आजीचे गुडघे सुजू लागले, तेव्हा तिला जिना उतरायची मनाई झाली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. देऊळ सुटलं, बाजार सुटला, शेजारणी सुटल्या. चार-पाच वर्षं ती खिडकीशी खुर्चीत बसून होती. इतकी विश्रांती घेऊनही गुडघे काही बरे झाले नाहीत. मांड्या मात्र काडीसारख्या वाळल्या, आणि शेवटी तिला उठवायला दोघं लागत. आता माझे स्वतःचे गुडघे जिन्यावर कुरकुरतात, तेव्हा हा सगळा इतिहास मला परका वाटत नाही.

मग पारडं फिरलं कसं? कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून तिचं पोषण होतं. पाऊल टाकताना ती स्पंजासारखी दाबली जाते, भार हलला की पुन्हा द्रव शोषून घेते. म्हणजे हालचाल हेच तिचं जेवण. टोरांटोचे शल्यचिकित्सक रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात सशांच्या गुडघ्यांवर प्रयोग केले. काही गुडघे जखडून ठेवले, काही सशांना पिंजऱ्यात मोकळं सोडलं, तर काहींचे गुडघे यंत्राने संथपणे सतत हलते ठेवले. या हलत्या गुडघ्यांतली कूर्चेची इजा इतरांपेक्षा पुष्कळ चांगली भरून आली.

माणसांवरचा पुरावाही आला. अमेरिकेत साठी गाठलेल्या, गुडघे झिजलेल्या ४३९ जणांवर दीड वर्षाचा अभ्यास झाला. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने चालण्याचा व्यायाम केला, दुसऱ्याने हलकी वजनं उचलली, तिसऱ्याला केवळ आरोग्याची माहिती दिली. पहिल्या दोन्ही गटांचं दुखणं थोडं कमी झालं, वावर सुधारला. चमत्कार नव्हे, पण एक्स-रेमध्ये झीज वाढलेलीही दिसली नाही. २००५ च्या एका अभ्यासात तर आढळलं, की वजन एक किलोने उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो.

अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० आणि २००१ मध्ये मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले, तेव्हा ही शस्त्रक्रिया घराघरांत चर्चेला आली. पण गुडघा बदलल्यावरही रुग्णाला लवकरात लवकर उभं करून चालवतात, हे ध्यानात घ्यावं. व्यायाम तिथेही चुकत नाही.

प्रश्न उरतो तो कोणता व्यायाम, हा. पाण्यात कमरेपर्यंत उभं राहिलं, की शरीराचं वजन जवळपास निम्मं भासतं. गळ्यापर्यंत गेलं, तर जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून पोहता येत नसलं, तरी उथळ तलावात कठडा धरून चालता येतं. सायकलवर वजन सीट पेलते. सीट मात्र पुरेशी उंच हवी. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, पट्टे, ठोकळे आणि खुर्ची यांच्या आधाराने ताठरलेल्या शरीरांनाही आसनं साधून दिली. आणि काहीच नसेल, तर खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून दहा अंक मोजावेत. मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले, की गुडघ्याला आधार मिळतो.

सुरुवातीला थोडं दुखेल. त्याने घाबरू नये. पण दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला, तर प्रमाण कमी करावं. गुडघा अचानक सुजला, गरम लागला, अडकला किंवा ताप आला, तर आधी डॉक्टरांकडे जावं.

वाग्भटाची निम्म्या शक्तीची मर्यादा आजही पाळण्यासारखी आहे. वृद्धांना घातलेली बंदी तेवढी आता उठवायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)