फ्लॅट कितीही, मत एकच: मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांचा कारभार

मीरा-भाईंदरमधील गृहनिर्माण संस्थांत मत सभासदाला असते, फ्लॅटला नसते. एकाच्या नावावर तीन फ्लॅट असले तरी सर्वसाधारण सभेत त्याचा हात एकदाच मोजला जातो.

इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांनी 1844 मध्ये काढलेल्या दुकानापासून हे तत्त्व सहकारी चळवळीत रुजले. भारतात मात्र ते एकदम आले नाही. 1912 च्या सहकारी संस्था कायद्याने एकच मत सक्तीचे केले ते सभासदांचे दायित्व भागांपुरते मर्यादित नसलेल्या संस्थांना. बाकीच्या संस्थांना उपविधींनुसार मते ठरवण्याची मोकळीक होती. याच कायद्याच्या काळात, 1915 मध्ये, मुंबईतील गावदेवीत सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 27 ने नियम पक्का केला: एका सभासदाला एक मत, ते स्वतः हजर राहून द्यायचे, आणि मते समसमान पडली तर अध्यक्षांचे निर्णायक मत. भागपत्रावर दोन नावे असतील, तर मताचा हक्क आधी पहिल्या नावाचा.

मीरा-भाईंदरला हा कायदा तयारच मिळाला. मिठागरे, भातशेती आणि कोळीवाड्यांच्या या पट्ट्यात 12 जून 1985 रोजी ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे मीरा रोडला येत गेली, आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर पोहोचली. सारस्वत संस्थेत सभासद आधी जमले, घरे मागून आली; इथे क्रम उलटा होता. बिल्डरने इमारत बांधायची, फ्लॅट विकायचे, मग सोसायटी नोंदवायची. फ्लॅटच्या मालकीविषयीच्या 1963 च्या मोफा कायद्याने बिल्डरवर सोसायटी स्थापण्याची आणि जमीन तिच्या नावे करण्याची जबाबदारी टाकली होती, पण हे हस्तांतर, म्हणजे कन्व्हेयन्स, रखडणे हे या भागाचे जुने दुखणे. जमीनच नावावर नसेल तर सभेतल्या मताचे वजन मेंटेनन्स आणि पाण्याच्या टाकीपलीकडे जात नाही. मोफाच्या 2008 च्या दुरुस्तीने डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्याची, वाट उघडली.

मोठ्या संकुलांत आणखी एक पायरी असते. रस्ते, बाग, सुरक्षा यांसाठी इमारतींचे फेडरेशन होते आणि प्रत्येक सोसायटी तिथे आपला प्रतिनिधी पाठवते. प्रत्येक इमारतीला एक मत आणि खर्च मात्र फ्लॅटच्या संख्येने, अशी वाटणी झाली की सोळा फ्लॅटवाल्यांचे मत ऐंशी फ्लॅटवाल्यांइतकेच ठरते. मोठ्या इमारतीची कुरकुर मग समजण्यासारखी आहे.

कमिटी निवडण्याची पद्धतही बदलत गेली. सहकारी संस्थांविषयीच्या 97 व्या घटनादुरुस्तीनंतर, 2013 मध्ये, निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे गेल्या. वीस-पंचवीस बिऱ्हाडांच्या इमारतीलाही निवडणूक अधिकारी लागू लागला. हे ओझे अनाठायी होते. 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आले आणि 250 पर्यंत सभासद असलेल्या सोसायट्यांना स्वतःची निवडणूक घेण्याची मुभा मिळाली.

एका मताच्या नियमाची खरी कसोटी पुनर्विकासाच्या वेळी लागते. सुरुवातीच्या काळातील अनेक इमारती आता मोडकळीला आल्या आहेत. 2009 च्या शासन निर्णयाने विकासक निवडण्याच्या सभेला तीन-चतुर्थांश सभासदांची हजेरी सांगितली होती. 4 जुलै 2019 च्या निर्णयाने ती दोन-तृतीयांशावर आणली, पण मंजुरी एकूण सभासदांच्या किमान 51 टक्क्यांची हवी. हजर असलेल्यांची नव्हे, एकूण सभासदांची. त्यामुळे न आलेला सभासद प्रत्यक्षात विरोधातच मोजला जातो. फ्लॅट भाड्याने देऊन दुसरीकडे राहणारे मालक जिथे बरेच आहेत, तिथे ही अट जड जाते. भाडेकरूला मत नाही आणि मुखत्यारामार्फत मत देता येत नाही, म्हणून अशा सभेआधी कमिटीचा बराच वेळ बाहेरगावच्या सभासदांना बोलावण्यात जातो. सभेला सहकारी संस्थांच्या निबंधकांचा प्रतिनिधी बसतो आणि सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण होते.