अतिसंवाहक तार आणि रुपे

१९११ साली लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांना ४.२ केल्विन तापमानास पाऱ्याचा विद्युत्‌रोध नाहीसा झाल्याचे आढळले. १९८६ मध्ये झुरिकनजीक बेडनोर्ट्‌स व म्युलर यांनी हाच गुण ताम्र-ऑक्साइडयुक्त सिरॅमिकात ३० केल्विनच्या वर दाखविला. पुढील वर्षी इट्रियमयुक्त सिरॅमिकाने ९० केल्विनची मर्यादा ओलांडली. महागड्या द्रव हीलियमऐवजी आता ७७ केल्विनचा द्रव नायट्रोजन पुरणार होता.

परंतु चिनी मातीच्या बशीसारख्या ठिसूळ पदार्थाची तार ओढावी कशी? तांब्याचे आवरण भट्टीत सिरॅमिकाशी क्रिया करून त्याचा गुणच घालवी. रुपे मात्र त्याच्याशी फारशी क्रिया करीत नाही आणि तापविले असता ऑक्सिजनास आरपार जाऊ देते. म्हणून रुप्याच्या नळीत चूर्ण भरून ती ओढावयाची व लाटावयाची रीत रूढ झाली. १९८८ मध्ये जपानात प्रसिद्ध झालेल्या बिस्मथयुक्त सिरॅमिकास ती विशेष मानवली. सिरॅमिकातच मिसळलेले रुप्याचे कण छिद्रे भरतात व तडा पसरू देत नाहीत; आवरणात अल्पसे मॅग्नेशियम घातल्यास त्याच्या ऑक्साइडाचे सूक्ष्म कण आवरणास कणखर करतात.

तापमानाच्या आकड्यांनी लिहिल्या जाणाऱ्या या इतिहासात रुप्याचा उल्लेख क्वचितच येतो. वस्तुतः बिस्मथयुक्त सिरॅमिकाची प्रयोगशाळेतील गोळी तारेच्या रूपात बाहेर पडली, ती त्याच्याच आधाराने होय.